पालक परदेशात, मूल इथे: पोटगी आणि भेटीच्या या चुका टाळा

घटस्फोटानंतर एक पालक परदेशी गेला की दुसरा कौटुंबिक न्यायालयातून पोटगीचा आदेश मिळवतो आणि सुटलो म्हणतो. खरी कटकट तिथून पुढे सुरू होते. मुलांच्या पोटगीच्या वसुलीसाठी २००७ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय हेग करारात भारत नाही. त्यामुळे इथला आदेश पाठवून दिला की तिकडची सरकारी यंत्रणा पगारातून कापून देईल, हे गृहीत धरू नका. अर्ज लिहायला बसण्याआधीच विचारायचा प्रश्न एवढाच की पैसे नेमके कशातून निघणार?

थकबाकी साचू देणे

"दिवाळीत येणार आहे, तेव्हा एकदम मागू." या एका वाक्याने जेवढे पैसे बुडतात तेवढे दुसऱ्या कशानेच बुडत नसतील.

फौजदारी प्रक्रिया संहितेतले पोटगीचे जुने कलम १२५ आता, १ जुलै २०२४ पासून, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ झाले. आकडा बदलला, अट तीच राहिली: रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज केला तरच तिच्या वसुलीचे वॉरंट निघते. समजा पोटगी महिना १५,००० आणि २६ महिने थकल्यावर जाग आली. एकूण ३,९०,००० पैकी वॉरंटच्या टप्प्यात येतात शेवटच्या १२ महिन्यांचे १,८०,०००. उरलेल्या २,१०,००० वरचा हक्क जात नाही, पण हा जवळचा रस्ता बंद होतो आणि लांबचा किती लांब असतो ते दरखास्तीच्या (आदेशाच्या अंमलबजावणीच्या अर्जाच्या) तारखांना जाणाऱ्यांना विचारा.

सवय अशी लावावी: तीन हप्ते चुकले की चौथ्याची वाट न पाहता अर्ज. एकदा मुदतीत अर्ज दाखल झाला की नंतरची थकबाकी त्याच प्रकरणात जोडता येते, दरवेळी नवा अर्ज लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५ सालीच हे सांगितले आहे, तरी लोक वकिलाची फी वाचवायला थांबतात आणि लाखभर घालवतात.

आता वॉरंट. एका महिन्याच्या थकबाकीला एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते हे खरे, पण टोरांटोत बसलेल्या माणसाला त्याचे काय? म्हणून भर जप्तीवर ठेवा. त्याच्या नावावर इथे काय आहे? फ्लॅट असेल तर इंडेक्स टू, म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा उतारा, काढा. शेती असेल तर सातबारा. फ्लॅट भाड्याने दिलेला असेल तर भाडे बहुधा एनआरओ खात्यात (परदेशी राहणाऱ्याच्या इथल्या उत्पन्नाच्या बँक खात्यात) पडत असते, तेव्हा बँक आणि शाखा शोधून ठेवा. ही यादी अर्जासोबतच द्यावी. आदेशानंतर शोधायला निघालात तर तोवर फ्लॅट विकलेला असतो.

उत्पन्नाचे प्रतिज्ञापत्र घाईत भरणे

सर्वोच्च न्यायालयाच्या ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालाने दोन्ही पक्षांना मालमत्ता आणि देण्यांचे प्रतिज्ञापत्र सक्तीचे केले. त्यात परदेशी राहणाऱ्यासाठी वेगळा भाग आहे: परकीय चलनातले उत्पन्न, नोकरीचा पुरावा, तिथला घरखर्च, तिथला कर. समोरच्याने तो कोरा ठेवला असेल तर पहिल्याच तारखेला लेखी हरकत घ्या. आपल्या बाजूने मात्र डॉलरला चालू दराने गुणून आलेला भला मोठा आकडा नाचवू नका. कर आणि घरभाडे वजा झाल्यावर तो आकडा निम्म्यावर येऊ शकतो आणि मग तुमच्या बाकीच्या आकड्यांवरही कुणी विश्वास ठेवत नाही. मुलाचा खर्च पावत्यांसकट, शाळेच्या वर्षाप्रमाणे मांडा आणि दरवर्षीची वाढ आदेशातच मागून घ्या.

"रोज संध्याकाळी ७ वाजता व्हिडिओ कॉल"

कुणाच्या संध्याकाळी? भारतात सातला कॅलिफोर्नियात उन्हाळ्यात सकाळचे साडेसहा असतात, हिवाळ्यात साडेपाच. तिथली घड्याळे मार्चमध्ये पुढे आणि नोव्हेंबरमध्ये मागे जातात, आपली जात नाहीत. मग बाप म्हणतो मूल फोन उचलत नाही, आई म्हणते तो अवेळी करतो आणि दोघेही अवमानाचा अर्ज घेऊन उभे. आदेशात 'भारतीय प्रमाणवेळेनुसार' हे शब्द हवेत. शिवाय हिवाळ्याची वेळ वेगळी, कोणत्या अॅपवर, कॉल कोण करणार, हुकला तर बदली दिवस कोणता, हेही हवे. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की खास कारण नसेल तर ताबा नसलेल्या पालकाला मुलाशी रोज ५ ते १० मिनिटे बोलता यावे. तासाभराची मागणी करून सहा वर्षांच्या पोराला स्क्रीनसमोर बांधून ठेवण्यापेक्षा हे किती तरी शहाणपणाचे.

छोट्या, पण नडणाऱ्या

पोटगी आली नाही म्हणून कॉल बंद करणे, किंवा कॉल होत नाही म्हणून पोटगी थांबवणे. दोन्ही चूकच.

पैसे आजीच्या खात्यात किंवा रोख देणे. आदेशातल्या खात्यातच भरा आणि शेऱ्यात महिना लिहा.

परदेशातून आलेले कुलमुखत्यारपत्र कपाटात ठेवणे. तिथे नोटरी करून अपोस्टिल (परदेशी कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का) झालेले असले तरी भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक लागतो.

समन्सवर एकच जुना पत्ता देणे. घर, कंपनी, ईमेल, सगळे द्या आणि ईमेलने बजावणीची परवानगी पहिल्याच दिवशी मागा.

'सगळे मिटले' म्हणून संमतीपत्रात मुलाची पोटगी सोडून देणे. ती मुलाची आहे, आईबापांपैकी कुणाला सोडून देता येत नाही.

मिरर ऑर्डर न वाचता मूल पाठवणे

२८ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका मुलाचा ताबा केनियात राहणाऱ्या वडिलांना दिला. अटी कडक होत्या: नैरोबीच्या उच्च न्यायालयातून तसाच आदेश, म्हणजे मिरर ऑर्डर, आणायची आणि १ कोटी रुपये जमा करायचे. कागद आले, मूल गेले. पुढे वडिलांनी तिथल्याच न्यायालयात भारतीय न्यायालयाला अधिकारक्षेत्रच नाही अशी भूमिका घेतली. ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्वतःचा आदेश मागे घेऊन तपास सीबीआयकडे द्यावा लागला. २०२२ मध्ये वडिलांना अवमानाबद्दल कैदेची शिक्षा झाली. मूल मात्र केनियातच होते.

देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने घातलेल्या अटींचे हे झाले. तेव्हा समोरच्याच्या वकिलाने आणलेल्या प्रतीवर मूल पाठवू नका. त्या देशातला स्वतःचा वकील नेमा आणि तीन प्रश्नांची लेखी उत्तरे घ्या. आदेश तिथल्या कोणत्या कायद्याखाली नोंदला? ज्यांचे आदेश तो कायदा मानतो त्या देशांच्या यादीत भारत आहे का? समोरच्याने एकतर्फी अर्ज केला तर नोंदणी रद्द होऊ शकते का? विमानाचे तिकीट ही उत्तरे हातात आल्यावर काढायचे, आणि येण्या-जाण्याचे दोन्ही बाजूंचे.