मकोंडे कोरीवकाम घरी नेताय? या चुका टाळा

टांझानियातल्या दार-ए-सलामहून सुट्टीला घरी निघालेल्या मराठी मंडळींच्या बॅगेत एखादी तरी मकोंडे मूर्ती असतेच. त्यातल्या कितीतरी मूर्ती पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यात वर्षभरात तडकलेल्या, चिकट झालेल्या नाहीतर पोखरलेल्या मी पाहिल्या आहेत. कारागिराचा दोष क्वचित असतो. बहुतेक वेळा घाई नडते: घेताना, मांडताना आणि सगळ्यात जास्त दुरुस्त करताना.

घेतानाची चूक म्हणजे काळा रंग बघून भुलणं. मकोंडे लोक मूळचे उत्तर मोझांबिकमधल्या म्युएडा पठारावरचे आणि दक्षिण टांझानियातले. त्यांचं आवडतं लाकूड म्पिंगो, आपल्या शिसवीच्याच कुळातलं. बाजारात ते एबनी (आबनूस) म्हणून विकतात आणि त्याच्या शेजारी हलक्या पांढऱ्या लाकडाला काळं बूट पॉलिश चोपडलेल्या मूर्तीही त्याच नावाने ठेवतात. दार-ए-सलामच्या म्वेंगे बाजारात गेलात तर मूर्ती आधी उचलून बघा. म्पिंगो इतका जड असतो की पाण्यात बुडतो. हातभर मूर्ती एका हाताने सहज खेळवता आली तर ती म्पिंगोची नाही. मग ती उलटी करून बुडाशी टर्पेंटाइनच्या चिंधीने घासा. चिंधी काळी झाली की मूर्ती परत जागेवर ठेवून द्या, घेऊ नका. ही परीक्षा स्पिरिटने मात्र करू नका, कारण खरा म्पिंगोही स्पिरिटला रंग सोडतो आणि चांगली वस्तू खोटी ठरते. मागच्या बाजूला फिकट पिवळसर पट्टा दिसला तर लोक नाक मुरडतात. तो झाडाचा बाहेरचा थर असतो आणि मला तर तो दिसला की बरंच वाटतं, कारण रंगवलेल्या मूर्तीत तो दिसत नाही.

आता माझ्या मावसभावाची गोष्ट. त्याने कमरेएवढा उजामा खांब घेतला होता. एकाच ओंडक्यात माणसांवर माणसं चढत गेलेली, प्रत्येकाचा चेहरा वेगळा, फार सुंदर काम. एप्रिलमध्ये पुण्याला नेला आणि हॉलमध्ये थेट एसीखाली उभा केला. एका रात्री काड्कन आवाज झाला. सकाळी बघतो तर वरपासून मध्यापर्यंत उभी भेग. त्याचा फोन आला तेव्हा मी एवढंच सांगितलं, "अरे, आतल्या खोलीत हलव आणि पावसाळ्यापर्यंत हात लावू नकोस." चार दिवस काही त्याला दम धरवला नाही. सुताराला बोलावून भेगेत इपॉक्सी (कडक होणारा गोंद) ठासलं, काळा रंग दिला, वर चकचकीत लॅकर. जूनपर्यंत सगळे त्या सुताराचं कौतुक करत होते. ऑगस्टमध्ये पावसाळी हवेने लाकूड फुगलं, भेग मिटायला निघाली, पण मध्ये दगडासारखं इपॉक्सी. शेवटी खांब दुसरीकडून फाटला, नेमका एका बाईच्या गालातून.

अख्ख्या ओंडक्याचं लाकूड वाळताना घेराच्या दिशेने जास्त आकसतं, म्हणून भेग पडते. त्यात म्पिंगो घट्ट, आतून फार सावकाश वाळतो. पूर्ण वाळला की हत्यारं बोथट करतो, त्यामुळे कारागीर बऱ्याचदा ओलसर असतानाच कोरतात. माझी पद्धत अशी: मूर्ती घरी आली की वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात, एक पावसाळा तिथेच. कागद दमट लागला की बदलायचा. नंतरही एसी, खिडकीतलं ऊन आणि टीव्हीच्या मागची गरम जागा टाळायची. बारीक भेग पडली तर राहू द्यावी. डोळ्यांना खुपतच असेल तर मधमाशीच्या मेणात काजळी कालवून भरावी; लाकूड फुगलं की मेण दबतं, भांडत नाही.

खोबरेल तेल लावू नका. म्पिंगो स्वतःच तेलकट, तो तेल पीत नाही. वरचं तेल चिकटून धूळ धरतं. जुन्या बनियनची कोरडी चिंधी, खाचांसाठी मऊ ब्रश आणि दिवाळीआधी मेणाचा नखभर हात पुरतो.

मूर्तीखाली पिठासारखी भुकटी दिसली तर ती धूळ समजून पुसू नका. तो भुंगा आहे आणि तो फिकट भागातच शिरतो. लहान मूर्ती प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर गारवा पूर्ण जाईपर्यंत पिशवी उघडायची नाही.

तिकडची, दोन फळ्या एकमेकींत अडकवून उभी राहणारी खुर्ची डुगडुगायला लागली की लोक खिळा ठोकतात. फळी आकसली आहे, पावसाळ्यात बसेल. खिळा मारलात तर चिरेल.

झांझिबारच्या पितळी खिळ्यांच्या पेट्यांबद्दल थोडं. यातल्या कितीतरी जुन्या पेट्या सुरत, मुंबई, मलबारहून गलबतांनी तिकडे गेलेल्या, म्हणजे आपल्याच किनाऱ्यावरचं काम. त्यांचं पितळ चिंच-लिंबू लावून घासणाऱ्यांचा मला राग येतो. आंबट पाणी खिळ्याच्या कडेने लाकडात उतरतं आणि भोवती डाग पडतात, ते निघत नाहीत. पितळ काळवंडलेलंच शोभतं. घासायचंच असेल तर खिळ्याभोवती पुठ्ठ्याची चकती धरून, कोरड्या कापडाने.

शेवटी कागदपत्रं. शिसवीच्या कुळातली जवळजवळ सगळी झाडं, त्यात म्पिंगोही, २०१७पासून साइट्स (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, म्हणजे देशाबाहेर न्यायला परवाना लागतो. २०१९मध्ये तयार वस्तूंना एका खेपेत असं लाकूड १० किलोपर्यंत असेल तर त्यातून सूट मिळाली. मोठा खांब घ्यायचा असेल तर पैसे देण्याआधीच परवान्याचं विचारा, पावती जपून ठेवा आणि साल राहिलेला नग घेऊच नका.