घरचा संगणक रिकाम्या वेळी संशोधनाला कसा लावावा

२०१० साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात आणि जर्मनीतल्या माइन्झमध्ये, अशा दोन ठिकाणच्या स्वयंसेवकांच्या संगणकांना एक नवा पल्सर, म्हणजे गरगर फिरत रेडिओ लहरींचा झोत फेकणारा मृत तारा, सापडला. सेकंदाला सुमारे ४१ गिरक्या घेणारा हा तारा प्वेर्तो रिकोतल्या अरेसिबो रेडिओ दुर्बिणीच्या नोंदींत दडलेला होता. लोकांच्या संगणकांच्या रिकाम्या वेळात अशा नोंदी तपासून घेणाऱ्या या प्रकल्पाचं नाव आइनस्टाइन ॲट होम. हाच प्रकल्प लायगो या वेधशाळांच्या नोंदींमध्येही गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातच उठणारे तरंग, शोधतो, आणि लायगोची भारतातली वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होते आहे. माझा संगणक मी याच कामाला लावलाय. तुम्हाला औषधं किंवा हवामान जवळचं वाटत असेल तर तसे प्रकल्पही आहेत. निवडा मात्र एकच. पाच ठिकाणी नाव नोंदवलं की कामं वेळेत होतीलच असं नाही.

प्रकल्पाची कामं, म्हणजे गणिताचे छोटे तुकडे, आणून तुमच्या संगणकावर चालवणारा बॉइंक हा मोफत प्रोग्रॅम बर्कली विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. टूल्स मेनूत ‘ॲड प्रोजेक्ट’ निवडा, ईमेल आणि पासवर्ड द्या. झालं. यात कुणी पैसे घेत नाही आणि देतही नाही. कुणी मागितले तर तो भामटा आहे. ऑफिसच्या संगणकावर परवानगीशिवाय हे टाकू नका.

आता खरी अडचण: उष्णता. ‘सीपीयू टाइम ५० टक्के करा, लॅपटॉप थंड राहील’ हा सल्ला तुम्हाला जिथे तिथे मिळेल. कृपा करून ऐकू नका. मी ऐकला होता. त्या सेटिंगने सीपीयूचे, म्हणजे प्रोसेसरचे, सगळे कोअर (गणित करणारे भाग) क्षणभर पूर्ण ताकदीने पळतात, क्षणभर थांबतात, पुन्हा पळतात. तापमान सारखं वरखाली होतं आणि पंखा रात्रभर घोंघावत राहतो. मे महिन्यात रात्रीही खोलीत पस्तीस अंश असताना माझा लॅपटॉप पहाटे आपोआप बंद पडायचा. हाती घेतलेली कामं मुदत उलटून वाया गेली. शेवटी दुरुस्तीवाल्याने मागचं झाकण उघडलं आणि पंख्यापुढच्या जाळीतून चिमट्याने धुळीची करडी घडी ओढून काढली, अगदी गोधडीच्या आतल्या कापसासारखी. प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी पेस्टही वाळून तिचे पापुद्रे निघत होते.

म्हणून आधी पंखा साफ करून घ्या. मग ऑप्शन्समध्ये ‘कंप्युटिंग प्रेफरन्सेस’ उघडा. वेळेची टक्केवारी १०० ठेवा आणि ‘यूज ॲट मोस्ट’च्या पुढे जिथे सीपीयूंची टक्केवारी विचारलेली असते तिथे ५० लिहा. हे दोन आकडे शेजारी शेजारी असतात, त्यामुळे गल्लत होते. बॉइंक कोअर नव्हे, थ्रेड (एका कोअरमध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या वाटा, बहुधा दोन) मोजतं, म्हणजे चार कोअर आणि आठ थ्रेडच्या मशीनवर एका वेळी चार कामं चालतील, एकसारखी, न धापा टाकता. तासाभराने प्रोसेसरचं तापमान बघा. ८० अंशांच्या वर टिकून राहत असेल तर टक्केवारी २५ करा. उन्हाळ्यात मी २५ च ठेवतो, आणि त्यात कमीपणा काही नाही. लॅपटॉप असेल तर ॲक्टिव्हिटी मेनूतून जीपीयूचं, म्हणजे ग्राफिक्स चिपचं, काम थांबवून ठेवा. लॅपटॉप गादीवर ठेवून हे चालवू नका, कधीच नाही.

बॅटरीवर असताना काम थांबवण्याची खूण केलेली असू द्या. वीज गेली तरी घाबरू नका, काम शेवटच्या जपून ठेवलेल्या टप्प्यापासून पुन्हा सुरू होतं. विंडोजने संगणक झोपवला की मात्र बॉइंकही झोपतं, तेव्हा चार्जरवर असताना स्लीप बंद करा.

विजेचा हिशेब स्वतः करा. ताणामुळे ६० वॉट जादा लागले आणि रोज आठ तास चाललं, तर महिन्याला साधारण साडेचौदा युनिटं होतात. वरच्या दराच्या टप्प्यात जात असाल तर तास कमी करा. फक्त यासाठी मशीन रात्रभर चालू ठेवणं मला पटत नाही. तुम्ही जेवायला उठता, फोनवर बोलता, तो वेळही पुष्कळ असतो.

पुढच्यासाठी आणून ठेवलेल्या कामांचा साठा अर्ध्या दिवसापेक्षा जास्त करू नका. आइनस्टाइनच्या कामांना साधारण दोन आठवड्यांची मुदत असते, तरी हावरटपणाने भरलेली रांग संपत नाही. तेच काम जगात आणखी कुणाच्या तरी संगणकावरही चालू असतं. दोघांची उत्तरं जुळली की ते ग्राह्य धरलं जातं, त्यामुळे तुम्ही अडकवलंत तर तोही अडकतो. गावाला जायचं असेल तर दोन दिवस आधी प्रकल्पावर ‘नो न्यू टास्क्स’ दाबा, हातातली कामं पुरी होऊन परत गेली की नाही ते पाहा, आणि मगच बटण बंद करा.