हेक्स कोडवरून अ‍ॅपमधला कलर कसा बनवायचा

सर्व्हरवरून किंवा डिझायनरकडून कलर येतो तो '#३३६६९९' असा हेक्स कोड (रेड, ग्रीन, ब्लूचे दोन-दोन आकडे, १६ च्या पायावर लिहिलेले), म्हणजे नुसती स्ट्रिंग (मजकूर), आणि फ्लटर या अ‍ॅप बनवायच्या टूलकिटच्या कलर क्लासला पाहिजे असतो इंटिजर (पूर्णांक). मधलं काम चार ओळींचं आहे, फक्त अल्फाकडे, म्हणजे रंग किती अपारदर्शक ते सांगणाऱ्या भागाकडे, नीट लक्ष द्या कारण बहुतेक घोळ तिथेच होतो.

आधी स्ट्रिंग ट्रिम करा, हॅश काढून टाका आणि उरलेली लांबी बघा. सहा असेल तर पुढे 'एफएफ' जोडा, मग ट्रायपार्सला (स्ट्रिंगचा नंबर करणारं फंक्शन) रॅडिक्स, म्हणजे संख्येचा पाया, १६ देऊन नंबर करून घ्या आणि तो कलरला द्या, झालं. आता एफएफ कशाला, तर फ्लटर ३२ बिटचा नंबर वाचतं, त्यात पहिले ८ बिट अल्फाचे आणि मग रेड, ग्रीन, ब्लू. एफएफ विसरलात तर अल्फा शून्य होतो, एरर काहीच येत नाही, कलर पूर्ण ट्रान्सपरंट होतो आणि आपण लेआउटमध्ये बग शोधत बसतो!

'#३६९' असा छोटा कोड आला तर प्रत्येक आकडा दोनदा लिहा, तोच ३३६६९९ होतो.

आठ आकडी कोड मात्र जपून. सीएसएसमध्ये (वेबपेजच्या स्टाइलची भाषा) अल्फा शेवटी असतो, फ्लटर आणि अँड्रॉइडमध्ये सगळ्यात आधी. समजा '#३३६६९९८०' आलाय, वेबवर हा साधारण ५० टक्के ओपॅसिटीचा निळा, पण तसाच पार्स केला तर पहिले ३३ अल्फा धरले जातात म्हणजे २० टक्के, आणि बाकीच्या ६६, ९९, ८० चा फिकट हिरवट रंग स्क्रीनवर येतो. म्हणून शेवटचे दोन आकडे उचलून पुढे लावायचे. पण कोड कुठल्या क्रमाने आलाय ते लांबीवरून कळत नाही, ते पाठवणाऱ्याला विचारूनच घ्या.

आयफोनसाठी स्विफ्ट भाषेत यूआयकलर या कलर क्लासला ० ते १ मधल्या व्हॅल्यू लागतात. हेक्स ३३ म्हणजे ५१, त्याला २५५ ने भागलं की ०.२, तसंच ६६ चे ०.४ आणि ९९ चे ०.६. भागाकार डबलमध्येच (दशांश नंबरचा टाइप) करा, दोन्हीकडे इंटिजर असतील तर उत्तर सरळ ० येतं आणि रंग काळा दिसतो.

अँड्रॉइडमध्ये पार्सकलर हे फंक्शन तयारच आहे, पण तीन आकडी कोड त्याला चालत नाही आणि चुकीच्या स्ट्रिंगवर तो एक्सेप्शन (अ‍ॅप थांबवणारी एरर) फेकतो, तेव्हा ती पकडणारा ट्राय-कॅच हवाच. फ्लटरचं ट्रायपार्स अशा वेळी नल (रिकामी व्हॅल्यू) देतं, तिथे एक डिफॉल्ट कलर ठेवा, डेटातल्या एका चुकीच्या कोडमुळे युजरची अख्खी स्क्रीन क्रॅश व्हायला नको.