थंड पाण्यात बोटं हलती ठेवायची तर

पाणी सहा अंशांवर होतं आणि तो माझा थंड पाण्यातला तिसराच स्कूबा डाइव्ह. अठराव्या मिनिटाला बीसीडीत (तरंगणं सांभाळायच्या हवेच्या जाकिटात) हवा भरायला गेले, तर अंगठा इन्फ्लेटरच्या, म्हणजे हवा भरायच्या नळीच्या, बटणावर टेकलाय की नाही तेच कळेना. नळी डोळ्यांसमोर धरून, बघून बटण दाबलं. बडीला (सोबतच्या डायव्हरला) खूण केली आणि आम्ही वर आलो. काठावर माझ्या वेटबेल्टचं (वजनांच्या पट्ट्याचं) बक्कलसुद्धा त्यानेच सोडलं.

हातमोजे चांगले होते, ५ मिलिमीटरचे. पण डोक्यावरचा हूड पातळ होता, आणि पाण्यात उतरण्याआधी अर्धा तास मी वाऱ्यात उभी राहून सामान जुळवत होते, तेही ओल्या, उघड्या हातांनी. छाती-पोट गार पडू लागलं की शरीर हातापायांकडे जाणारं रक्त आखडतं घेतं. मग मोजा कितीही जाड असो, ऊब आणणारं रक्तच बोटांपर्यंत पोहोचत नाही. मोज्याचं निओप्रीन (बुडबुडे असलेलं रबर) उष्णता तयार करत नाही, आहे ती धरून ठेवतं. आणि पाणी हवेपेक्षा वीसेक पटींनी अधिक वेगाने उष्णता ओढून नेतं.

म्हणून बोटांची काळजी मी छातीपासून सुरू करते. जाड हूड, सूटच्या आत एक जादा बंडी, आणि पाण्यात उतरेपर्यंत वारा अडवणारं जाकीट. टाकी आणि रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडापर्यंत आणणारं साधन) जोडताना हातात साधे कोरडे लोकरी मोजे. हूड आणि मास्क आधी, डायव्हिंगचे मोजे सगळ्यांत शेवटी. मोजे चढवल्यावर मास्कचा पट्टा नीट करणं जिकिरीचं होतं, ते काम बडीला सांगावं. थर्मासमधलं कोमट पाणी उतरण्याआधी मोज्यांत ओतलं की पहिली काही मिनिटं सुखाची जातात. कोमटच हवं, कढत नको.

मोज्याच्या मापाबाबत मी हट्टी आहे. माझे हात लहान, त्यामुळे बोटांच्या टोकाशी पोकळी राहायची आणि मूठ मिटली-उघडली की तिथलं पाणी बदलायचं. दर वेळी नवं गार पाणी! उलट फार घट्ट मोजा रक्त अडवतो, तोही नको. घालून मूठ पूर्ण वळवून बघा. तळव्यात ताण आला तर माप लहान आहे. मनगट विसरू नका. तिथे रक्तवाहिन्या कातडीच्या अगदी जवळ असतात, म्हणून मोज्याची लांब बाही आणि सूटची बाही एकमेकींवर नीट चढलेली हवी.

खोलीचाही हिशेब धरा. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, निओप्रीनमधले बुडबुडे दबतात आणि मोजा पातळ होतो. काठावर उबदार वाटलेला मोजा २५ मीटरवर तसा राहत नाही.

सहा अंशांहूनही थंड पाण्यासाठी तीन बोटांचे मोजे घ्या. बोटं एकमेकांना ऊब देतात, पण हुक आणि बकलं हाताळायची सवय उथळ पाण्यात आधी करावी लागते. ड्रायसूट (आत पाणी न शिरणारा सूट) असेल तर त्याला जोडायचे कोरडे मोजे सर्वांत उत्तम: आत लोकरीचं अस्तर आणि मनगटाच्या सीलखालून (पाणी अडवणाऱ्या घट्ट कडेखालून) एक बारीक नळी, म्हणजे सूटमधली हवा मोज्यात येते आणि खोलीवर मोजा हाताला आवळत नाही. मात्र ही नळी असताना मोजा फाटला तर त्याच वाटेने पाणी सूटमध्ये शिरू शकतं.

हवेच्या संपर्काने तापणाऱ्या रासायनिक पुड्या ड्रायसूटच्या आत किंवा कोरड्या मोज्यात ठेवू नका. दाबाखाली त्यांना ऑक्सिजन जास्त मिळतो, त्या नेमापेक्षा खूप तापू शकतात आणि चटका बसतो. सूटमध्ये नायट्रॉक्स (जादा ऑक्सिजन असलेली हवा) भरलं असेल तर धोका आणखी वाढतो.

पाण्यात दर पाच मिनिटांनी मी अंगठा त्याच हाताच्या करंगळीला लावून बघते. लावताना चाचपडावं लागलं, की डाइव्ह संपवायचा. वर येण्याचा वेग आणि सेफ्टी स्टॉप (वर येताना उथळ पाण्यात घ्यायचा थांबा) नेहमीसारखाच, म्हणून खूण लवकर करायची, बोटं पुरती बधिर होण्याची वाट बघायची नाही. शिवाय तळाशी उबदार आणि वर येताना गारठलेलं असं झालं, तर शरीरातला नायट्रोजन सावकाश बाहेर पडतो आणि डीकम्प्रेशन सिकनेसचा (शरीरात नायट्रोजनचे बुडबुडे होण्याच्या आजाराचा) धोका वाढतो. गारठ्याने बोटं पांढरी पडण्याचा रेनॉडचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला.

बाहेर आल्यावर ओले मोजे लगेच काढा, हात पुसा, कोरडे मोजे घाला आणि हात काखेत धरा. बधिर बोटं गरम पाण्यात बुडवू नका. पाणी किती तापलंय ते त्यांना कळत नाही. रक्त परत येताना कळा येतात, कधी डोळ्यांत पाणी येईल इतक्या. दुसरा डाइव्ह असेल तर मी मोज्यांची वेगळी कोरडी जोडी ठेवते, आणि करंगळी अंगठ्याला सहज टेकेपर्यंत सूटला हात लावत नाही.