रात्रीचे दोन म्हणजे किती? आश्रयाचे दावे तपासताना या चुका टाळा

ब्रिटनमध्ये राजकीय आश्रय मागणाऱ्यांचे अर्ज आणि अपिलं हे माझं काम. दरवर्षी पुण्या-मुंबईहून एलएलएमला आलेली दोन-तीन मुलं आमच्याकडे शिकायला येतात. हुशार असतात. पण भारताने 1951 च्या निर्वासित करारावर सहीच केलेली नाही, त्यामुळे कॉलेजात हा विषय त्यांनी जेमतेम चाळलेला असतो. येतात तशी घाईत असतात आणि चुकाही दरवर्षी त्याच करतात.

सगळ्यांत महाग पडते ती तारखांची चूक. इथिओपियातल्या ओरोमो समाजाचा एक तरुण आमच्याकडे आला होता. निवेदनात लिहिलं गेलं: 2009 साली बिशोफ्तू शहरात आमच्या ओरोमोंच्या इरेचा सणात पोलिसांनी अश्रुधूर सोडला तेव्हा मी घोषणा देत होतो, आठवड्याभराने रात्री दोन वाजता सैनिक घरी आले. पुढच्याच परिच्छेदात आई चुलीपाशी स्वयंपाक करत होती आणि भावंडं अभ्यासाला बसली होती. गृहखात्याच्या मुलाखतीतही त्याने तेच आकडे सांगितले. अर्ज फेटाळला गेला. कारणं अशी: बिशोफ्तूची घटना 2 ऑक्टोबर 2016 ची आहे, 2009 मध्ये हा शाळकरी पोर होता, आणि रात्री दोनला कुणी स्वयंपाक करत नाही. म्हणजे हकिकत रचलेली.

तो अक्षरशः खरं सांगत होता. इथिओपियाचं कॅलेंडर आपल्या इसवी सनाच्या सात-आठ वर्षं मागे चालतं आणि त्यांचं नवं वर्ष 11 सप्टेंबरच्या सुमारास लागतं. त्यांचं 2009 सुरू झालं ते आपल्या सप्टेंबर 2016 मध्ये. घड्याळही ते दिवसा सूर्योदयापासून आणि रात्री सूर्यास्तापासून मोजतात. सकाळी सातला त्यांचा एक वाजतो, तर रात्रीचे दोन म्हणजे आपले आठ, म्हणजे जेवणाचीच वेळ. सूर्योदयापासून घटका मोजणारं पंचांग ज्यांच्या घरात भिंतीवर असतं, शक आणि सन यांतली 78 वर्षं ज्यांना शाळेत शिकवलेली असतात, त्यांनी तरी इथे थबकायला हवं होतं. दुभाष्याने आकडे जसेच्या तसे दिले, आमच्याकडे शिकणाऱ्या मुलाने एका बैठकीत ते टाइप केले आणि मी न वाचता पुढे पाठवले. अपील मंजूर झालं, पण मध्ये चौदा महिने गेले. एवढा काळ त्या तरुणाला कामाची परवानगी नव्हती आणि रोजची रात्र परत पाठवतील या धास्तीत काढावी लागली. ती चूक माझ्या मनातून जात नाही.

तेव्हापासून मी पहिल्या बैठकीत तारीख विचारतच नाही. पाऊस होता का, कोणता सण जवळ होता, शाळा चालू होती का, असं विचारते. तारखा मागाहून, दोन रकान्यांत: एकात त्यांचं कॅलेंडर, दुसऱ्यात आपलं. इराणी आणि अफगाण लोकांचं पारंपरिक सौर वर्षही 21 मार्चच्या सुमारास बदलतं. अफगाण माणसाच्या कागदावर 1 जानेवारी ही जन्मतारीख दिसली तर ती बहुतेक वेळा कुणा कारकुनाने भरलेली असते. त्यावरून माणसाला खोटं पाडू नका.

दुसरी चूक मला त्याहून जास्त टोचते. “मॅडम, याला पक्षाचा जाहीरनामासुद्धा माहीत नाही. याचा कोण कशाला छळ करेल?” अहो, राजकीय मत अर्जदाराच्या डोक्यात किती आहे हे मोजायचं नसतं. छळणाऱ्याला ते त्याच्यात दिसतं का, हे बघायचं असतं. झिम्बाब्वेच्या प्रकरणात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली हे स्वच्छ सांगितलं. तिथे सत्ताधारी झानू-पीएफ पक्षाचे टोळीवाले रस्ता अडवून निष्ठा सिद्ध करायला लावत. ज्याला राजकारणात काडीचा रस नाही तोही त्यात सापडे. न्यायालय म्हणालं, जीव वाचवायला खोटी निष्ठा दाखव असं अशा माणसालाही सांगता येणार नाही. राजकीय मत नसण्याचाही हक्क असतो. म्हणून पक्षाचा झेंडा कोणत्या रंगाचा, असली प्रश्नमंजुषा मी कुणाला घेऊ देत नाही. मी विचारते: ते तुला काय म्हणाले? कोणत्या नावाने हाक मारली? तुझ्याआधी गल्लीतून कुणाला नेलं?

पुराव्याच्या पातळीची गल्लतही नेहमीची. 28 जून 2022 पासूनच्या अर्जांना दोन पायऱ्या आहेत. अर्जदाराचं ते राजकीय मत आहे का किंवा त्याला चिकटवलं गेलंय का, आणि त्याला खरंच भीती वाटते का, हे खरं असण्याची शक्यता खोटं असण्यापेक्षा जास्त हवी. पण परत गेल्यावर छळ होईल का, याला तेवढी शक्यता लागत नाही; वाजवी शक्यता पुरते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तर 1987 मध्ये दहात एक शक्यताही पुरू शकते असं म्हटलं होतं. दोन्ही पायऱ्या एकाच फूटपट्टीने मोजल्यात तर खरा माणूस गमावाल.

“तुझ्याच देशातल्या दुसऱ्या शहरात जा” हे सुचवण्याआधी छळणारं सरकारच आहे का, ते बघा. सरकारचा हात सगळीकडे पोचतो.

इथे आल्यावर स्वतःच्या देशातल्या सरकारविरुद्धच्या निदर्शनांत गेला म्हणून ढोंगी ठरवू नका. हेतू कसाही असो, परत गेल्यावर धोका आहे का, हा प्रश्न उरतोच. इथल्या अपील न्यायालयाने हे 1999 मध्येच सांगितलंय.

रडला नाही म्हणून खोटा, हा निष्कर्ष माझ्यासमोर काढू नका.

बलात्काराची गोष्ट तिसऱ्या भेटीत सांगितली म्हणून ती मागून जोडलेली ठरत नाही. पहिल्या दोन भेटींना दुभाषा पुरुष होता का, खोलीत नवरा बसला होता का, ते आधी पाहा.

आणि जुन्या फाइलीतला देश-परिस्थितीचा परिच्छेद उचलून चिकटवणाऱ्यांना मी परत लिहायला बसवते. 1 फेब्रुवारी 2021 च्या लष्करी उठावाआधीचा म्यानमार आणि नंतरचा म्यानमार हे दोन वेगळे देश समजून वाचा.

सही घेण्याआधी अख्खं निवेदन अर्जदाराच्या भाषेत, जमलं तर दुसऱ्या दुभाष्याकडून, वाचून दाखवायचं. दोन तास लागतात. दर पानाला थांबायचं आणि “बरोबर?” असं न विचारता “इथे काय चुकलंय?” असं विचारायचं. पहिल्या प्रश्नाला भ्यालेला माणूस नुसती मान हलवतो. दुसऱ्याला तो बोट ठेवून दाखवतो.