शॅमेलिऑनच्या आधी किड्यांचं पोट भरा

कायद्याचं एकदाच सांगतो आणि पुढे जातो. काजूच्या बागेत किंवा गडग्यावर डुलत चालताना दिसणारा आपला घोयरा, म्हणजे इथला शॅमेलिऑन, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. त्याला घरी आणायचं नाही. ‘पोरांना दाखवतो आणि उद्या सोडतो’ हेही नाही. हा लेख त्यांच्यासाठी आहे ज्यांच्याकडे वेल्ड किंवा पँथर जातीचा, कागदपत्रांसह घेतलेला आणि केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदवलेला परदेशी शॅमेलिऑन आहे. पिंजरा, यूव्हीबी ट्यूब (उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारी), उबेचा दिवा, पाण्याचे तुषार हे सगळं लावून झालंय असं मी धरून चालतो. ते झालं नसेल तर आधी ते करा, कारण यूव्हीबीशिवाय खाण्यातलं कॅल्शियम अंगी लागत नाही.

किडे कुठून आणायचे

पाळलेले रातकिडे हा मुख्य आहार. अधूनमधून डुबिया झुरळं, रेशमाच्या अळ्या, काळ्या सैनिक माशीच्या अळ्या. मीलवर्म आणि सुपरवर्म या भुंग्यांच्या अळ्या चरबीच्या असतात, त्या चवीपुरत्या.

अंगणातले नाकतोडे पकडून घालण्याचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देणारच. फुकटचा म्हणून तो सगळ्यांना आवडतो. कोकणात तो वाईट सल्ला आहे. हापूसच्या मोहोरावर तुडतुड्यांसाठी फवारण्या होतात, भातावरही होतात, आणि नाकतोडा कुठल्या बागेतून उडी मारून आलाय हे तो सांगत नाही. घरातलं झुरळ तर मुळीच नाही, ते शेजाऱ्यांकडची औषधाची गोळी खाऊन आलेलं असू शकतं. आणि मृगाच्या आधी झाडं लखलखायला लागली की मुलं काजवे धरून आणतात, ते पिंजऱ्याच्या जवळपासही नकोत. काजव्यांच्या काही जातींत असं विष असतं की एकच किडा पाळीव सरड्याचा जीव घेऊ शकतो. कुठली जात विषारी आणि कुठली नाही ते पारखत बसू नका.

आकार: शॅमेलिऑनच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा किडा लांब नको.

खरं काम: किड्याला खाऊ घालणं

याला गटलोडिंग म्हणतात, आणि बहुतेक लोक इथेच टंगळमंगळ करतात. रातकिड्याला हाडं नसतात, त्यामुळे त्याच्या शरीरात कॅल्शियम नावापुरतं आणि फॉस्फरस त्याच्या कित्येक पट. शॅमेलिऑनला हवं ते नेमकं उलट, कॅल्शियम फॉस्फरसच्या साधारण दीड ते दोन पट. हे गणित वर्षभर चुकलं की शरीर हाडांतून कॅल्शियम ओढून घेतं. जबडा रबरासारखा मऊ पडतो, पाय वाकतात, फांदीवरची पकड सुटते. म्हणून किडा शॅमेलिऑनच्या तोंडात जाताना त्याचं पोट तुम्ही निवडलेल्या अन्नाने भरलेलं असलं पाहिजे. पुण्या-मुंबईहून कुरिअरने आलेला डबा उघडून तसाच पिंजऱ्यात रिकामा केलात, तर तुम्ही दोन दिवसांचे उपाशी, तहानलेले किडे वाढलेत.

काय घालायचं, त्यावर माझी मतं ठाम आहेत. कुत्र्या-मांजराचं खाद्य नको, त्यात प्रथिनं भरमसाठ असतात. गव्हाचा कोंडा नको, तो फॉस्फरसचा साठा आहे. पालक आणि माठ हिरवेगार दिसतात, पण त्यांतलं ऑक्झलेट कॅल्शियमला धरून ठेवतं. अळू घशाला खाजतं ते कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांमुळे, तेव्हा परसात कितीही माजलेलं असलं तरी ते आपल्या फदफद्यासाठीच ठेवा. उत्तम पाला शेवग्याचा. १०० ग्रॅम ताज्या पाल्यात ३०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, आणि तो दारातच मिळतो. जोडीला कढीपत्ता, जास्वंदीची पानं, लाल भोपळ्याची फोड, थोडी पपई. काकडी म्हणजे नुसतं पाणी.

कोरड्या मिश्रणासाठी मी नाचणी वापरतो. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, पांढऱ्या तांदळात जेमतेम १०. चार वाट्या नाचणीचं पीठ, दोन वाट्या वाळवलेल्या शेवग्याच्या पाल्याचा चुरा, एक वाटी समुद्रफेनाची पूड. समुद्रफेन म्हणजे माकुलाच्या (कटलफिशच्या) पाठीतलं पांढरं हाड, वादळानंतर पुळणीवर पडलेलं सापडतं. दोन-तीन दिवस पाणी बदलत गोड्या पाण्यात ठेवून खारटपणा काढा, उकळा, कडक उन्हात वाळवा आणि मऊ बाजू खरवडून वस्त्रगाळ करा. त्याऐवजी पानाचा चुना वापरू नका. ‘तेही कॅल्शियमच की’ असं म्हणणारे भेटतात, पण चुना दाहक असतो, समुद्रफेन नाही. पाला मे महिन्यातच, फणसाचे पापड उन्हात असतात तेव्हाच वाळवून बरणीत भरा. जुलैमध्ये तो वाळत नाही, कुजतो.

आता त्या भागाकडे येतो ज्याने मला सगळ्यात जास्त छळलं, आणि ज्याबद्दल कोरड्या हवेत राहणाऱ्यांनी दिलेले सल्ले आपल्याकडे निरुपयोगी आहेत. ते सांगतात: डब्यात भाजी टाका, झाकण लावा, चोवीस तासांनी किडे काढा. रत्नागिरीच्या जुलैमध्ये हे केलंत तर सकाळी झाकण उघडल्यावर नाकात अमोनिया जाईल आणि खाली निम्मे किडे मेलेले असतील. रातकिड्याला पाणी हवं, ओल नको. आपल्याकडे भिंतीसुद्धा पाझरतात, तिथे बंद डब्यातला एक भोपळ्याचा तुकडा पुरेसा असतो. आधी पिठाला गाठी, मग बुरशी, मग माइट (अगदी बारीक कोळीकिडे), मग आपले किडे मरतात.

म्हणून डबे दोन ठेवा. मोठ्या डब्यात सगळे किडे राहतील, तिथे साधं खाणं. लहान डब्यात फक्त पुढच्या एक-दोन जेवणांचे किडे घ्या आणि हे कॅल्शियमवालं मिश्रण फक्त तिथेच द्या. ते कायमचं खाणं नाही, जास्त कॅल्शियमवर फार दिवस ठेवलेले किडे स्वतःच मरायला लागतात. लहान डब्याच्या झाकणाला आणि दोन्ही बाजूंना मोठे चौकोन कापून बारीक धातूची जाळी लावा. प्लास्टिकची जाळी ते कुरतडतात. आत अंड्यांच्या पुठ्ठ्याचे ट्रे उभे ठेवा, आडवे ठेवलेत तर खाली घाण साचते. कोरडं मिश्रण बाटलीच्या झाकणात, तेही चमचाभरच. ओली भाजी डब्याच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या झाकणात, तळाला न टेकवता. पाला धुतला असेल तर फडक्याने टिपून घ्या, अगदी कोरडा होईपर्यंत. सकाळची भाजी संध्याकाळी बाहेर, संध्याकाळची सकाळी बाहेर, खाल्ली असो वा नसो. पाण्याची वाटी ठेवू नका, किडे बुडतात आणि तळ ओला होतो.

डबा जमिनीवर किंवा बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवू नका. आतल्या खोलीत, उंचावर, पंख्याची हवा लागेल पण झोत थेट अंगावर येणार नाही असा ठेवा. संततधार लागली की मी जवळ एक लहान पिवळा बल्ब लावून ठेवतो. फ्रीजच्या मागच्या कोमट जागेचा सल्लाही चांगला आहे, फक्त किडे सुटले तर घरच्यांना काय सांगायचं ते आधी ठरवून ठेवा.

किडे २४ ते ४८ तास या डब्यात राहू द्या. कुरिअरने आले असतील तर पहिले काही तास फक्त भोपळा, मग मिश्रण, आणि पूर्ण दोन दिवस. पोट भरलंय की नाही ते पाहायला पुठ्ठा पांढऱ्या कागदावर झटका. हिरवट लेंड्या पडल्या तर पाला खाल्ला गेलाय.

पूड लावणं

गटलोडिंग केलं तरी किड्यांना वरून पूड लावावी लागतेच. डी३ (ड जीवनसत्त्व) नसलेलं कॅल्शियम जवळपास प्रत्येक जेवणाला. डी३ असलेलं महिन्यातून दोनदा, मल्टिव्हिटॅमिन महिन्यातून दोनदा, वेगवेगळ्या दिवशी. डी३ शरीरात साठतं, त्यामुळे ‘थोडं जास्त बरं’ हा हिशेब इथे घातक आहे. इथे घरची समुद्रफेनाची पूड चालवू नका, ती गाळूनही थोडी रवाळ राहते आणि किड्याला चिकटत नाही. विकतची बारीक घ्या. विकतच्या डब्यातून आठवड्यापुरती लहान घट्ट बाटलीत काढा, आत सिलिका जेलची पुडी टाका. गाठी झालेली पूड फेकून द्या.

पिशवीत किडे, चिमूटभर पूड, हलकेच दोनदा हलवणं. किडा फिकट दिसला पाहिजे, भज्यासारखा घोळलेला नको. लगेच वाढा, नाहीतर काही मिनिटांत तो स्वतःला साफ करून टाकतो.

वाढणं

सकाळी, दिवा लागून अंग तापल्यावर. पिल्लांना रोज, पूर्ण वाढलेल्याला एक दिवसाआड पाच-सहा किडे. वेल्ड मादीला खुशाल भरवत राहिलात तर ती नराशिवायही ढीगभर अंडी धरते आणि त्यात अडकून मरू शकते. तिच्याकडे लाडाने पाहत हात सैल सोडू नका. गुळगुळीत उंच कप फांदीला टांगून त्यात किडे सोडले की किती खाल्ले ते कळतं.

पावसात लाइट गेली आणि ऊब नसेल तर त्या दिवशी जेवण नको, थंड पोटात ते पचत नाही. दिवा परत आला की दुसऱ्या दिवशी द्या. उरलेले किडे अंधार पडायच्या आत मोजून बाहेर काढा, भुकेला रातकिडा झोपलेल्या शॅमेलिऑनला चावतो.