विंडोजची प्रॉडक्ट की सापडत नाही? शोधाशोध करताना या चुका टाळा

स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खाली विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करा, असा फिकट मजकूर दिसायला लागला की माणूस आधी जुन्या बिलांची फाइल उपसतो, आणि तिथे काही हाती लागलं नाही की इंटरनेटवर फुकटातली प्रॉडक्ट की, म्हणजे विंडोज आपल्या नावे चालू करणारा २५ अक्षरांचा कोड, शोधायला बसतो. या दोन्हींच्या आधी एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो: मला की मुळात लागणार आहे का? विंडोज ८ किंवा त्यानंतरच्या विंडोजसकट विकत घेतलेला कॉम्प्युटर असेल, तर बहुतेक वेळा उत्तर "नाही" असंच निघतं.

घाई करायचंही कारण नाही. विंडोज १० आणि ११ अ‍ॅक्टिव्हेट नसले तरी बंद पडत नाहीत. सेटिंग्जमधून वॉलपेपर, रंग, थीम बदलता येत नाही, तो मजकूर डोळ्यांत खुपत राहतो, एवढंच. फायली जागच्या जागी असतात. घाईत केलेल्या उपायांनी मात्र बऱ्याचदा जास्त नुकसान होतं.

लायसन्सचा प्रकार न बघताच शोधाला लागणं

बाकीच्या बहुतेक चुका या एका चुकीतून निघतात. विंडोजचं लायसन्स साधारण चार रूपांत असतं, आणि प्रत्येकाची शोधायची जागा वेगळी.

पहिलं डिजिटल लायसन्स. २०१५ मध्ये विंडोज १० आलं तेव्हापासून हे आहे. यात मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर तुमच्या कॉम्प्युटरच्या हार्डवेअरची ओळख नोंदलेली असते. तुम्ही पुन्हा तीच आवृत्ती टाकली आणि इंटरनेट जोडलं की अ‍ॅक्टिव्हेशन आपोआप होतं. इथे शोधण्यासारखी की नसतेच.

दुसरं, कंपनीने कॉम्प्युटर विकतानाच भरलेलं लायसन्स, ज्याला ओईएम म्हणतात. विंडोज ८ पासून अशा मशीनची की मदरबोर्डवरच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे बोर्डातच भरलेल्या प्रोग्रॅममध्ये, साठवलेली असते. हार्ड डिस्क बदला, फॉरमॅट मारा, ती तिथेच राहते आणि इन्स्टॉलर ती स्वतः वाचतो. नव्या लॅपटॉपवर कीचा स्टिकर नसतो याचं कारण हेच. तो कुणी काढून घेतलेला नसतो.

तिसरं रिटेल, म्हणजे स्वतंत्र विकत घेतलेलं. याची की मात्र खरोखर शोधावी लागते. चौथं व्हॉल्यूम लायसन्स, जे ऑफिसं आणि शिक्षणसंस्था घेतात. ते तुमच्या मालकीचं नसतं, त्यामुळे ते परत मिळवायचा प्रयत्न करण्यापेक्षा तिथल्या आयटी विभागाला फोन करा.

आपलं कोणतं हे बघायला अर्धं मिनिट पुरतं. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, अ‍ॅक्टिव्हेशन असं जा. विंडोज १० मध्ये हेच पान अपडेट अँड सिक्युरिटीखाली आहे. तिथे डिजिटल लायसन्सने अ‍ॅक्टिव्हेट झाल्याचं लिहिलं असेल, तर विषय संपला. आणखी खोलात जायचं असेल तर कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे कमांड टाइप करायची विंडोजची खिडकी, उघडून एसएलएमजीआर ही कमांड इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करा, मग एक स्पेस, तिरकी रेघ (/) आणि रेघेला चिकटून डीएलआय ही तीन अक्षरं. एंटर दाबल्यावर क्षणभर काहीच होत नाही, मग एक छोटी चौकट येते. तिच्यातल्या वर्णनाच्या ओळीत शेवटी चॅनलचं नाव असतं: रिटेल, ओईएम किंवा व्हॉल्यूम. ओईएमपुढे डीएम असेल तर की फर्मवेअरमधली आहे. खाली कीची शेवटची पाच अक्षरं दिसतात. तेवढीच, पूर्ण की ही चौकट कधीच दाखवत नाही.

टूलने दाखवलेली की खरी मानून वहीत उतरवणं

ही चूक मला सगळ्यात जास्त वेळा दिसते, आणि ती करणारे लोक बेफिकीर नसतात, उलट काळजीपूर्वक वागणारे असतात. फॉरमॅटच्या आधी एखादं की शोधणारं टूल चालवतात, समोर आलेली २५ अक्षरं नीट उतरवून घेतात, आणि महिन्याभराने ती टाकल्यावर कळतं की तिने काहीच अ‍ॅक्टिव्हेट होत नाही.

कारण ती त्यांची कीच नसते. डिजिटल लायसन्स असलेल्या मशीनवर विंडोज एक सर्वसाधारण की भरून ठेवतं, जी जगभरातल्या असंख्य मशीनवर अक्षरन् अक्षर सारखी असते. नवीन गाडीला कायमचा नंबर येईपर्यंत लावलेल्या तात्पुरत्या पाटीसारखं तिचं काम. होम आवृत्तीत या कीचा शेवट ८, एच, व्ही, एक्स, ७ असा होतो आणि प्रो आवृत्तीत ३, व्ही, ६, ६, टी असा. वरच्या चौकटीत शेवटची पाच अक्षरं यांपैकी असली, तर की जपायची गरज नाही. लायसन्स सर्व्हरवर नोंदलेलं आहे. गंमत म्हणजे अशा मशीनवर चॅनल रिटेल असा दिसतो, त्यामुळे "मी तर सुटं विंडोज कधी घेतलंच नव्हतं" असा गोंधळही होतो.

विंडोज ७ च्या जमान्यातल्या ब्रँडेड मशीनवरही असाच प्रकार होता. कंपनी कारखान्यात एकच की सगळ्या मशीनवर टाकायची आणि बाहेर चिकटवलेल्या स्टिकरवर वेगळी, त्या मशीनपुरती की छापायची. टूल रजिस्ट्रीतली, म्हणजे विंडोज आपली सेटिंग्ज ठेवतं त्या नोंदवहीतली, पहिली की दाखवतं. स्वतः नव्याने विंडोज ७ टाकताना उपयोगी पडते ती स्टिकरवरची.

फर्मवेअरमधली की बघायचीच असेल तर शोकीप्लससारखं टूल इन्स्टॉल केलेली की आणि फर्मवेअरमधली की अशा दोन्ही वेगवेगळ्या दाखवतं. त्या दोन वेगळ्या दिसल्या म्हणून घाबरू नका. होमवरून प्रोवर गेलेल्या मशीनवर त्या वेगळ्याच असणार.

भलताच नंबर की समजणं

सेटिंग्जमधल्या अबाउट पानावर प्रॉडक्ट आयडी असतो. पाच-पाचचे चार गट, म्हणजे २० अक्षरं. प्रॉडक्ट की पाच-पाचचे पाच गट, म्हणजे २५. प्रॉडक्ट आयडीवरून की काढता येत नाही आणि तो कीच्या रकान्यात बसतही नाही.

त्याहून गंभीर गोंधळ बिटलॉकरच्या, म्हणजे डिस्कला कुलूप घालणाऱ्या विंडोजच्या सोयीच्या, रिकव्हरी कीचा. मदरबोर्ड बदलला किंवा बायोस अपडेट केलं की काही मशीन सुरू होतानाच निळ्या पडद्यावर रिकव्हरी की मागतात. लोक तिथे विंडोजची प्रॉडक्ट की टाकत बसतात, ती चालत नाही, आणि लायसन्स गेलं असं समजून डिस्क पुसून टाकतात. लायसन्सचा इथे काही संबंधच नसतो. बिटलॉकरची की ४८ अंकांची असते, त्यात अक्षरं नसतात, आणि ती डिस्कवरच्या डेटाचं कुलूप उघडते. ती बहुतेकदा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली असते. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून किंवा फोनवरून लॉगिन करून बघता येते. प्रॉडक्ट की गेली तर फार तर पैसे जातात. ही गेली तर डेटा जातो. हार्डवेअरला हात लावण्याआधी प्रॉडक्ट कीपेक्षा ही शोधून ठेवा.

आधी फॉरमॅट, मग शोध

रिटेल की रजिस्ट्रीत सांकेतिक रूपात साठवलेली असते आणि मशीन चालू असताना ती टूलने काढता येते. फॉरमॅट मारला की ती जागा पुसली जाते. म्हणून विंडोज चालतंय तोवरच की काढून घ्या.

विंडोज सुरूच होत नसेल तरीही फॉरमॅटची घाई नको. डिस्क शाबूत असेल तर ती दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून विंडोज, सिस्टीम३२, कॉन्फिग या फोल्डरपर्यंत जा. तिथली सॉफ्टवेअर नावाची, एक्स्टेंशन नसलेली फाइल म्हणजे रजिस्ट्रीचाच एक भाग. प्रोड्युकीसारखं टूल अशा बाहेरून जोडलेल्या डिस्कवरची कीसुद्धा वाचतं. फॉरमॅट न करता वरूनच विंडोज पुन्हा टाकलं असेल तर जुनं सगळं विंडोज डॉट ओल्ड या फोल्डरमध्ये हलवलेलं असतं. डिस्क क्लीनअपने ते उडवण्याआधी तिथे बघा.

अशी टूल्स अँटीव्हायरसला संशयास्पद वाटतात, कारण ती की वाचतात आणि चोरी करणारे प्रोग्रॅमही तेच करतात. म्हणून ती मूळ निर्मात्याच्या जागेवरूनच उतरवा. "रिकव्हर" करून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या टूलची गरज पडत नाही.

स्टिकर वाचताना

जुन्या लॅपटॉपचे स्टिकर तळाला असायचे आणि तळ गरम होतो, घासतो. काही मॉडेलमध्ये स्टिकर बॅटरी काढल्यावर आतल्या बाजूला सापडतो. अक्षरं पुसट असतील तर नखाने किंवा ओल्या फडक्याने पुसू नका. दिवा बाजूने तिरका धरून मोबाइलने फोटो काढा आणि फोटोचा कॉन्ट्रास्ट वाढवून बघा. नव्या प्रकारच्या स्टिकरवर कीच्या काही भागावर राखाडी थर असतो. तो हलक्या हाताने खरवडायचा असतो. जोर लावला तर खालची अक्षरंही निघून येतात.

एक माहिती इथे फार कामाला येते. विंडोजच्या कीमध्ये सगळी अक्षरं वापरलेली नसतात. ए, ई, आय, ओ, यू हे स्वर नसतात. एल, एस, झेड नसतात. शून्य, एक आणि पाच हे अंकही नसतात. म्हणजे शून्य किंवा ओ वाटणारी आकृती बहुतेक क्यू, डी किंवा जी असते, एस किंवा पाच वाटलं तर ६, ८ किंवा जी लावून बघा, आणि झेड वाटलं तर ते २ असणार. खरा घोळ बी आणि ८ मध्ये होतो, कारण ते दोन्ही असू शकतात. एन हे अक्षर विंडोज ८ पासूनच्या कीमध्ये येतं, त्याआधीच्या नाही. विंडोज ७ च्या स्टिकरवर एन दिसला तर तो एच किंवा एम असण्याची शक्यता जास्त. एरर कोडच्या शेवटी एफ०५० आलं तर आधी टायपिंगच तपासा.

होमचं लायसन्स, प्रोचं इन्स्टॉलेशन

होमची की प्रोला चालत नाही, प्रोचं डिजिटल लायसन्स होमला लागू होत नाही. ओळखीचा कुणीतरी "प्रो टाकून देतो, चांगलं असतं" म्हणतो आणि मूळ लायसन्स अबाधित असूनही मशीन अ‍ॅक्टिव्हेट होत नाही. पुन्हा इन्स्टॉल करताना की मागितली तर माझ्याकडे प्रॉडक्ट की नाही, हा पर्याय निवडा आणि आधी होती तीच आवृत्ती टाका.

मदरबोर्ड बदलल्यावर अकाउंट जोडायला जाणं

रॅम, डिस्क बदलून सहसा काही होत नाही. मदरबोर्ड बदलला की मायक्रोसॉफ्टच्या लेखी तो दुसरा कॉम्प्युटर ठरतो, आणि शेवटी एफ२११ असलेला एरर कोड येतो. विंडोज १० च्या २०१६ मधल्या अ‍ॅनिव्हर्सरी अपडेटपासून डिजिटल लायसन्स मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडता येतं, पण हे काम मदरबोर्ड बदलण्याच्या आधी करायचं असतं. जोडलं गेलं की अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानावर तसं स्पष्ट लिहून येतं. नंतर त्याच पानावरचा ट्रबलशूटर चालवून, नुकतंच हार्डवेअर बदललं आहे हा पर्याय निवडायचा आणि यादीतून आपलं मशीन दाखवायचं.

लायसन्स ओईएम असेल तर हा मार्ग बंदही असू शकतो, कारण ते त्या मदरबोर्डपुरतंच असतं. वॉरंटीत बोर्ड बदलून मिळाला असेल, तर बोर्ड बसवून देणाऱ्या कंपनीलाच लायसन्सचं विचारा; फर्मवेअरमध्ये की भरणं हे त्यांच्या हातातलं काम आहे.

जुनी की, स्वस्त की, फुकटची की

विंडोज ७ किंवा ८ ची की टाकून विंडोज १० फुकट मिळवायची योजना २९ जुलै २०१६ ला अधिकृतपणे संपली. प्रत्यक्षात जुनी की त्यानंतरही अनेक वर्षं चालत राहिली. सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो रस्ताही बंद केला. त्यामुळे जुन्या सल्ल्यांवर विसंबून विंडोज ७ चा स्टिकर शोधण्यात संध्याकाळ घालवू नका. आधी अपग्रेड करून घेतलेल्या मशीनचं डिजिटल लायसन्स चालूच राहतं, आणि विंडोज १० चं लायसन्स ११ लाही पुरतं.

फार स्वस्तात मिळणाऱ्या की अनेकदा कुठल्यातरी संस्थेच्या व्हॉल्यूम लायसन्समधल्या असतात. पहिल्या दिवशी चालतात, मग एखाद्या दिवशी एरर कोडच्या शेवटी सी००३ येतं, म्हणजे की ब्लॉक झाली. किंवा सी००८, म्हणजे ती परवानगीपेक्षा जास्त मशीनवर वापरली गेली. केएमएस पद्धतीचं, म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या सर्व्हरवरून होणारं, अ‍ॅक्टिव्हेशन तर मुळातच १८० दिवसांचं असतं आणि संस्थेच्या सर्व्हरशी संपर्क झाला तरच पुढे वाढतं. मघाच्या एसएलएमजीआर कमांडमध्ये डीएलआयऐवजी एक्सपीआर टाकून बघा: कायमचं असेल तर तसं येईल, नाहीतर तारीख येईल. विकणाऱ्याने "लाइफटाइम" म्हटलं असेल आणि चौकटीत तारीख दिसली, तर पैसे परत मागायची वेळ तीच.

अ‍ॅक्टिव्हेटर नावाचे प्रोग्रॅम "आधी अँटीव्हायरस बंद करा" असं सांगतात. एवढं वाक्य वाचूनच थांबावं.

मायक्रोसॉफ्टकडे नोंद असेलच असं धरून चालणं

मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन स्टोअरमधून घेतलेलं असेल तरच त्यांच्याकडे तुमच्या खरेदीच्या कीची नोंद असते. अकाउंटच्या ऑर्डर हिस्टरीत बघा. इतर कुठून घेतलं असेल तर विक्रेत्याची ईमेल शोधा, स्पॅम आणि आर्काइव्हसकट, आणि खरेदीच्या काळात वापरत असलेल्या जुन्या ईमेल पत्त्यावरही. मदत मागताना स्क्रीनशॉट टाकताय तर कीची शेवटची पाच अक्षरं सोडून बाकी झाका. उघड्यावर टाकलेली रिटेल की तासाभरात दुसऱ्या कुणाच्या मशीनवर लागलेली असू शकते.

जुना कॉम्प्युटर विकताना किंवा देऊन टाकताना रिटेल की त्याच्यासोबत जाऊ द्यायची नसेल, तर आधी ती उतरवून घ्या, मग त्याच एसएलएमजीआर कमांडपुढे यूपीके टाकून ती मशीनवरून काढा. ओईएम लायसन्सला हे करून उपयोग नाही, ते मशीनसोबतच जातं.